चटणी तिची, खातंही तिचंच: बचत गटातल्या बाईचा घरगुती धंदा उभा करताना

सोलापूर भागात शेंगदाणा चटणी कुटणाऱ्या बायका शोधाव्या लागत नाहीत. हात तयार असतो, चव ठरलेली असते, गिऱ्हाईकही असतं. तरी पाच वर्षांनी जाऊन बघावं तर निम्म्या जणी अजून ओळखीच्या घरांनाच किलो-दोन किलो देत असतात. आणि जिचा धंदा खरोखर वाढला, तिच्या दुकानावर पाटी मुलाच्या नावाची आणि काउंटरवरचा क्यूआर कोड नवऱ्याच्या खात्याचा.

अशा बाईच्या मागे ज्यांना उभं राहायचंय त्यांच्यासाठी हे लिहिलंय. म्हणजे गटाच्या अध्यक्ष-सचिव, उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) सीआरपी ताई, म्हणजे गावपातळीवर गटांना मदत करणाऱ्या कार्यकर्त्या, माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) सहयोगिनी, नाहीतर घरातलाच नवरा, दीर, शिकलेली मुलगी. उदाहरण चटणीचं घेतलंय. भाजणी, मसाला, पापड, शिवणकाम काहीही असलं तरी आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

योजनांची यादी सुरुवातीला दिलेली नाही, मुद्दामच. बहुतेक मार्गदर्शन योजनेपासून सुरू होतं आणि तिथंच फसतं. कर्ज मंजूर होतं, मशीन येतं, हार घालून फोटो निघतो आणि सहा महिन्यांनी त्या मशीनवर जुनी चादर पांघरलेली असते.

आधी फोन, मग बाकी सगळं

पहिल्या भेटीत तिला तीन गोष्टी विचारा. खातं कोणाच्या नावावर आहे? त्या खात्याचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो? मालाचा भाव कोण ठरवतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर हल्ली बहुतेक वेळा बरोबर येतं. जनधनमुळे आणि २०२४ नंतर लाडक्या बहिणीच्या पैशांमुळे खातं तिचं असतं, आधारला जोडलेलंही असतं. गाडी अडते ती दुसऱ्यावर. नंबर नवऱ्याचा किंवा पुण्याला कामाला असलेल्या मुलाचा असतो. पैसे जमा झाल्याचं तिला तो सांगेल तेव्हा कळतं.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. तिच्याच आधारवर सिम घ्या. मग आधार केंद्रात जाऊन तो नंबर आधारला लावून घ्या. त्यानंतर पासबुक आणि आधार घेऊन तिला स्वतः शाखेत जाऊन नंबर बदलीचा अर्ज देऊ द्या. बँकेत नंबर बदलला आणि आधारचं राहून गेलं, तर उद्यम नोंदणीच्या (छोट्या उद्योगाची केंद्र सरकारकडची नोंद) वेळी पुन्हा जुन्याच नंबरवर ओटीपी जातो आणि काम अडतं. पॅन कार्ड नसेल तर आधारला मोबाइल जोडलेला असल्यावर ई-पॅन आयकर खात्याच्या संकेतस्थळावर फुकट निघतं. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

याच टप्प्यावर तिन्ही कागद शेजारी ठेवून नाव वाचा. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, पासबुकावर वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव पण आडनाव चुकलेलं. कर्जाची फाइल कितीतरी वेळा एवढ्यावरच परत येते. लग्नाचा दाखला किंवा गॅझेट जोडून एकच नाव सगळीकडे करून घ्यायला महिना-दीड महिना जातो, म्हणून ते आजच सुरू करायचं.

सहीचंही तसंच. साताऱ्याच्या म्हसवडमध्ये बायकांनी बँक काढायची ठरवली, तेव्हा सभासद निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला होता. बायका लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आज अंगठ्यावर कोणी अडवत नाही. पण दरवेळी वेगळी सही केली तर चेक परत येतो आणि वर दंडही बसतो. वहीवर रोज दहा वेळा, पंधरा दिवस, एकच सही गिरवायला लावा.

धंद्याचं खातं घरखर्चाच्या खात्यापासून वेगळं हवं. सुरुवातीला दुसरं बचत खातं चालतं. चालू खात्याला किमान शिल्लक ठेवावी लागते आणि ती मोडली की शुल्क कापतात. ते कर्जाच्या वेळी उघडलं तरी पुरे.

दहा किलोच्या घाणीचा (एका वेळी केलेल्या मालाचा) हिशेब

‘परवडतं का?’ असं विचारलं की ‘हो, पाकिटामागे वीस रुपये सुटतात’ असं उत्तर येतं. ते वीस रुपये कुठून आले ते तिच्यासोबत कागदावर मांडा. खालचे भाव समजुतीसाठी धरलेत, तुमच्या बाजाराचे घाला.

शेंगदाणे १० किलो, १४० रुपये दराने १,४००. मिरचीपूड ७०० ग्रॅमची २१०. लसूण साडेसहाशे ग्रॅम आणला तर सोलून अर्धा किलो मिळतो, त्याचे १३०. जिरे १५० ग्रॅम, ४५ रुपये. मीठ ३५० ग्रॅम, १० रुपये. कच्चा माल झाला १,७९५ रुपयांचा.

आता वजन बघा. भाजताना ओल उडते, साल जाते, काळे-सुरकुतलेले दाणे निवडून टाकावे लागतात. दहा किलोतले साधारण नऊ किलो हातात राहतात. बाकी जिन्नस घालून आणि भांड्याला, मशीनला चिकटलेलं सोडून १० किलो ४०० ग्रॅम चटणी धरा. म्हणजे २०० ग्रॅमची ५२ पाकिटं. त्यातली दोन चवीला आणि फाटाफुटीत जाणार. विकायला उरली ५०.

ताई जो हिशेब करते त्यात १,७९५ रुपये आणि पाकिटांचे २०८ इतकंच असतं. २,००३ भागिले ५२, म्हणजे साडेअडतीस रुपये. साठाला विकलं की एकवीस सुटले! आता राहिलेलं घाला:

गॅस १०० रुपये
वीज ४०
लेबल, दीड रुपयाला एक, ७८
दोघी बायकांचे पाच-पाच तास, तासाला ६० रुपयांनी ६००
बाजारातून माल आणणं आणि पोचवणं १५०
मिक्सर, कढई, सीलरची झीज ५०

बेरीज ३,०२१. पन्नास पाकिटांवर वाटली की एक पाकीट ६० रुपये ४२ पैशांना पडलं. म्हणजे साठाला विकताना ती पाकिटामागे बेचाळीस पैसे पदरचे घालत होती. वर्षभर हे कळलं नाही, कारण तिची स्वतःची मजुरीच ‘नफा’ म्हणून हातात येत होती आणि शेजारीण ‘मदतीला’ येत होती.

हा कागद झाल्यावर दोन निर्णय निघतात. थेट गिऱ्हाइकाला आणि दुकानाला एकच छापील किंमत लागेल, त्यामुळे किंमत दुकानदाराचा वाटा धरूनच ठरवायची. ९० रुपये छापले आणि दुकानदाराने २० टक्के घेतले, तर हातात ७२ येतात, नफा साडेअकरा रुपये. थेट विकलं तर साडेएकोणतीस. एवढा भाव मिळत नसेल तर दाणे हंगामात, खरिपाची काढणी झाल्यावर एकदम घ्यायचे किंवा घाणी मोठी करून तास वाचवायचे. मजुरीच्या रकान्यातून मात्र कापायचं नाही. बायकांच्या कामाची किंमत तिथंच गळते आणि ती गळती तिच्या सवयीची झालेली असते.

रोजच्या वहीत चार रकाने पुरतात: विक्री, खरेदी, घरात वापरलेलं आणि फुकट दिलेलं, स्वतःची मजुरी. तिसऱ्या रकान्याला पहिले दोन महिने हसू येतं, नंतर डोळे उघडतात. नणंदेकडे गेलेली चार पाकिटं म्हणजे ३६० रुपये. देऊ नयेत असं नाही, लिहावीत. मजुरी आठवड्याला खात्यातून काढून तिने स्वतःच्या दुसऱ्या खात्यात टाकायची.

वेळ कुठे जातो

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात असं दिसलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. पाच तास घरातच गेल्यावर धंद्याला दुपारचे दोन-अडीच तास उरतात, तेही तुकड्यांत. भाजणी मध्येच सोडून पाणी भरायला उठलं की दाणे करपतात.

सात दिवस, अर्ध्या-अर्ध्या तासाचा तक्ता भरून घ्या. मग कामं दोन गटांत पाडा. भाजणं आणि कुटणं एका बैठकीत व्हावं लागतं. लसूण सोलणं, दाणे निवडणं, लेबल चिकटवणं तुकड्यांत चालतं. पहिल्या गटासाठी आठवड्यात दोन सलग सकाळी मोकळ्या लागतात आणि त्या घरातल्या कोणीतरी द्यायच्या असतात. ‘सगळे मदत करतात’ या वाक्यावर समाधान मानू नका. मंगळवार आणि शुक्रवारी सकाळचा डबा कोण करणार, पाणी कोण भरणार, हे नावानिशी ठरवा. सासूबाईंसमोर ठरवलं तर टिकण्याची शक्यता जास्त.

पहिली खरेदीही या तक्त्यावरूनच ठरवा. दहा किलोच्या घाणीत कुटायला जेमतेम दीड तास जातो. वजन करून पाकिटं भरणं आणि तोंड बंद करणं यात तीन तास. तरी जो तो आधी पल्व्हरायझरच्या, म्हणजे कुटायच्या मोठ्या मशीनच्या, मागे लागतो! मेणबत्तीवर पाकिटं चिकटवणाऱ्या बाईला चांगलं हँड सीलर आणि डिजिटल काटा दिला की तास-दीड तास वाचतो, शिवाय पाकीट गळत नाही. मोठ्या मशीनचं वर्षभराने बघू.

प्रशिक्षण ठेवणाऱ्यांना एवढंच सांगणं: वेळ अकरा ते तीन ठेवा, लहान मूल सोबत आणता येईल अशी खोली घ्या आणि जिल्ह्याच्या गावी पाच दिवस मुक्कामी बोलावू नका. ज्यांना सर्वांत गरज असते त्याच येऊ शकत नाहीत.

माल परत येतो तो का

तीन कारणांनी: खवट वास, बुरशी, कमी वजन.

ओलसर दाण्यावर बुरशी धरते आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. भाजल्याने ते पुरतं जात नाही. म्हणून निवडणं भाजण्याच्या आधी करायचं. काळा, सुरकुतलेला, कोंब आलेला, फुटून आत पिवळट-हिरवट झालेला दाणा बाहेर. चवीसाठीही नको आणि जनावरालाही घालायचा नाही.

मंद आचेवर भाजा. दाणा चिमटीत चोळल्यावर साल सुटली आणि आत बिस्किटासारखा रंग दिसला की उतरवा. मग पसरून पूर्ण गार होऊ द्या, घाई असली तरी. कोमट चटणी पाकिटात भरली की आत वाफ धरते, पाकिटाच्या आतल्या बाजूला दव दिसतं आणि आठवड्यात गोळे होतात. मिक्सर सलग फिरवला तर माल तापतो आणि तेल भसकन सुटतं. थोडं थोडं, थांबून फिरवा. कुटलेल्या सोलापुरी चटणीला तेल सुटतं हीच तिची ओळख असली, तरी सुटं तेल हवेशी लवकर खवट होतं. ओला लसूण आणखी टिकाऊपणा खातो. तो पातळ चिरून दाण्याबरोबर शेवटी कोरडा परतून घेतला तर फरक पडतो.

पारदर्शक पिशवीतून उजेड आत जातो आणि खवटपणा वाढतो. आतून चकाकी असलेलं जाड पाकीट घ्या.

टिकण्याची तारीख अंदाजाने छापू नका. एका घाणीची बारा पाकिटं बाजूला ठेवा, दर आठवड्याला एक फोडा आणि घराबाहेरच्या दोघांना वास-चव बघायला सांगा. घरच्या नाकाला सवय झालेली असते. ज्या आठवड्यात पहिली शंका येईल, त्याच्या दोन तृतीयांश मुदत छापा. नवव्या आठवड्याला वास लागला तर सहा आठवडे. मे महिन्यात हीच चाचणी परत करा, आकडा खाली येईल.

कागद: कमी आहेत, पण क्रमाने

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे. आधार, पॅन, आणि ओटीपी तिच्या फोनवर, झालं. अर्जदार म्हणून तीच हवी. ‘माझं आधार लावतो, लवकर होईल’ असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा. उद्योग बाईचा आहे हे सरकारदरबारी याच कागदावरून ठरतं.

खाद्यपदार्थ असल्याने एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. छोट्या उत्पादकाला मोठा परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये. गावोगाव यासाठी दोन-तीन हजार घेणारे बसलेत. सेवा केंद्रवाल्याला भरण्याचे पन्नास-शंभर दिले तर ठीक. १४ अंकी क्रमांक मिळतो, तो लेबलवर छापायचा.

लेबलवर पदार्थाचं नाव, घटक (वजनाने सर्वांत जास्त तो आधी), निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत आणि ग्रॅममागे किती पडते ते, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि वापरण्याची शेवटची तारीख, हिरवा ठिपका, पोषणमूल्यांची चौकट, पत्ता आणि तक्रारीसाठी फोन हवा. ‘यात शेंगदाणे आहेत’ असं वेगळ्या ओळीत लिहायचं, कारण काहींना दाण्याची ॲलर्जी असते. पत्त्यात नाव तिचंच. हजार लेबलं एकदम छापली की स्वस्त पडतात हे खरं, पण पहिल्या छपाईत चूक निघतेच. दोनशे छापा.

काट्यावर वैधमापन विभागाचा (वजन-मापं तपासणाऱ्या खात्याचा) शिक्का असावा, पाकीटबंद माल विकणारी म्हणून त्याच विभागाकडे नोंदणीही करायची असते. पाकीट रिकाम्या पिशवीसह २०० ग्रॅम भरणं ही नेहमीची चूक. पिशवी सात-आठ ग्रॅमची असते, दंड तेवढ्यावरही होतो.

जीएसटीची भीती घालणारे भेटतील. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही.

पैसा

गटाकडून सुरुवात करा. पंचसूत्री सांभाळलेला गट, म्हणजे बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे हे सगळं नियमित, असा गट बँकेत वजन राखून असतो. घोळ होतो तो कर्ज आल्यावर. तीन लाख आले, दहा जणी, प्रत्येकीला तीस हजार. भांडण नको म्हणून समान वाटप! त्यात चटणीवालीला सीलर, काटा आणि कच्चा माल भागत नाही आणि जिला धंदाच करायचा नाही तिचे तीस हजार दवाखान्यात जातात. हप्ता दोघींनाही सारखाच. वाटप गरजेच्या कागदावर करा. प्रत्येकीने एक पान लिहून आणावं: काय घेणार, किती लागतील, महिन्याला किती सुटतील, हप्ता कुठून भरणार. दोघींना ऐंशी-ऐंशी हजार आणि एकीला काहीच नाही, हेही चालतं. ज्यांना मिळालं नाही त्यांचा नंबर पुढच्या वर्षी लागेल, एवढं ठरावात लिहा.

सगळ्या जणींनी एकच पदार्थ करण्याचा मोहही आवरा. सात गट, सातही गटांचे उडदाचे पापड, गाव एक. करायचंच तर लिज्जतसारखं करा. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या त्या कामाचं गमक पापडात नव्हतं, पद्धतीत होतं: पीठ एका ठिकाणी मळायचं, बाईने घरी नेऊन लाटायचं, वजनावर मजुरी घ्यायची. घरी लाटणारीला भांडवल घालावं लागत नाही, माल पडून राहण्याची जोखीम तिच्यावर नाही आणि चव सगळीकडे एक.

बँकेत जाताना तीन नियम पाठ असू द्या. दहा लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण मागायचं नाही, गटाच्या बचत खात्यावर बोजा ठेवायचा नाही आणि ठेव ठेवायची सक्ती करायची नाही, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. एकटीने सूक्ष्म उद्योगासाठी घेतलेल्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जालाही तारण लागत नाही. मुद्राचं शिशू कर्ज ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत. तोंडी नकार आला तर वाद घालत बसू नका. अर्ज दोन प्रतीत द्या, एकीवर पोच घ्या आणि नाकारायचं असेल तर कारण लेखी मागा. पोच मागितली की बोलण्याचा सूर बदलतो.

मशीन घ्यायची वेळ आली की पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, बघा. ग्रामीण भागातल्या महिला उद्योजिकेला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान, शहरात २५, आणि स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के. अन्नप्रक्रियेसाठीच्या पीएमएफएमईमध्ये (प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत) ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. गटातल्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या बाईला ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाचीही त्यात सोय. योजनांच्या मुदती आणि रकमा बदलत राहतात, म्हणून अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात चालू परिपत्रक बघून घ्या. दोन्हींत अनुदान रोख हातात येत नाही, तीन वर्षं बँकेतच अडकून असतं. ‘अनुदान आलं की हप्ता फेडू’ असा हिशेब करणारी पहिल्याच वर्षी थकते. आणि ‘ताई, तुमचा वाटा मी दाखवतो’ म्हणणाऱ्या मशीनवाल्यापासून दूर राहा. तो वाटा त्याने कोटेशन फुगवून तुमच्याच कर्जातून काढलेला असतो.

मशीनच्या कर्जात खेळतं भांडवल मागायला विसरतात ही सर्वांत महागडी चूक. महिन्याला चार घाण्या म्हणजे बारा हजार. दुकानदार महिन्याने पैसे देतो, म्हणजे दुसरे बारा हजार रस्त्यात. पंचवीस हजार रुपये कायम फिरते असल्याशिवाय चार घाण्यांचा धंदा चालत नाही. ते नसले की बाई मायक्रोफायनान्सकडे वळते आणि तिथला आठवड्याचा हप्ता महिन्याने येणाऱ्या पैशाशी जुळत नाही. मग एका कंपनीचा हप्ता दुसरीकडून. नवं कर्ज घेण्याआधी घरातले सगळे हप्ते एका कागदावर मांडा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार सूक्ष्म वित्त देताना कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त जाता कामा नयेत. तुम्ही एक तृतीयांशावरच थांबा.

तिच्या नावावर ट्रॅक्टरचा टायर किंवा दिराच्या लग्नाचा खर्च उचलला जात असेल, तर ते गटाच्या बैठकीत उघड बोला. थकलं तर क्रेडिट स्कोअर तिचा जातो आणि तिच्या मशीनच्या वेळी बँक दार लावते.

विक्री आणि वसुली

पहिली तीस घरं बांधून घ्या, त्यांचा दर महिन्याचा दिवस ठरवा. मग दुकानं. दुकानदाराला पहिला माल विकल्यावर पैसे या बोलीवर द्या, दुसरा माल पहिल्याचे पैसे घेऊनच. दोन बिलं थकली की तिसरा माल नाही. मुदत संपलेली पाकिटं परत घ्यायची का, किती घ्यायची, हे आधीच बिलाच्या मागे लिहा. दहातलं एकापेक्षा जास्त परत येत असेल तर त्या दुकानात कमी ठेवा. वसुलीला बाईने एकटीने जायचं टाळलं जातं आणि मग नवरा जाऊन पैसे घेऊन येतो, घरी येईपर्यंत त्यातले काही खर्च होतात. त्यावर उपाय सोपा: बिलावर तिचाच क्यूआर कोड छापा.

कॅन्टीन, वसतिगृह, कंपनी असं मोठं गिऱ्हाईक असेल तर उद्यम क्रमांक बिलावर घाला. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज, आणि केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तक्रार करण्यापर्यंत क्वचितच जावं लागतं. स्मरणपत्रात कायद्याचं नाव आलं की लेखा विभाग हलतो. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी आपल्या खरेदीतली ३ टक्के महिलांच्या सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची असते. त्यासाठी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नाव असावं लागतं, पण चटणीवालीने ती घाई पहिल्या वर्षी करू नये.

मुंबईचं महालक्ष्मी सरस, पुण्याची भीमथडी जत्रा इथे विक्री जोरात होते. थोड्या दिवसांत गल्ला भरला की वाटतं, आता हेच. प्रवास, राहणं, दोघींची मजुरी, घरी बंद पडलेली घाणी हे वजा करून बघा, आकडा बराच खाली येतो. प्रदर्शनाचा खरा माल म्हणजे गिऱ्हाइकांचे फोन नंबर. एक जाड वही स्टॉलवर ठेवा आणि परतल्यावर पंधरा दिवसांत प्रत्येकाला एक मेसेज जाऊ द्या. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी दसऱ्यापर्यंत घ्यायच्या, निम्मे पैसे आगाऊ घेऊनच. दसऱ्यानंतर येणाऱ्या पाहुण्याला नाही म्हणायला जमलं नाही की रात्री जागून केलेला माल करपतो आणि नाव जातं.

जागा कोणाची

घर आणि जमीन नावावर नसते म्हणून तारण नसतं, म्हणून मोठं कर्ज नसतं. यातलं काही हाताने सुटण्यासारखं आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये (घरांच्या नोंदवहीत) घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावता येतं. अर्ज दोघांच्या सहीने ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) द्यायचा. सातबारावर पतीच्या बरोबरीने पत्नीचं नाव लावण्याची सोय लक्ष्मी मुक्तीच्या नावाने महाराष्ट्रात १९९२ पासून आहे. शेतकरी संघटनेने त्याआधी ही मोहीम गावोगाव चालवली होती. नवीन घर घेताना ते बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, आणि बऱ्याच घरांत भावनेपेक्षा हा एक टक्काच जास्त काम करतो.

माहेरचा हिस्सा हा अवघड विषय. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क १९९४ मध्येच दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. तरी राखीपौर्णिमेच्या आसपास हक्कसोडपत्रावर सह्या होतातच. काय करावं हे तिने ठरवायचं. तुम्ही फक्त एवढं बघा की सही करण्याआधी तिने तो कागद वाचून घेतलाय, त्या जमिनीची किंमत तिला माहीत आहे आणि हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की ते सहज फिरवता येत नाही हेही.

ज्या खोलीत चटणी होते ती सासऱ्यांच्या नावे असेल तर नोंदणीकृत भाडेकरार करून घ्या, रक्कम नाममात्र असली तरी. बँक आणि वीज कंपनी दोघांनाही तो लागतो, आणि उद्या घरात वाटण्या झाल्या तर मशीन अंगणात येत नाही.

धंदा वर्षाला आठ-दहा लाखांवर गेला की घरातल्यांचं लक्ष जातं. मुलगा नोकरी सोडून येतो, ‘आता मी बघतो’ म्हणतो. यायला हरकत नाही, पगारावर. त्या सुमारास एकदा बसून तपासा: उद्यम, एफएसएसएआय, चालू खातं, वीजमीटर, भाडेकरार, जेम, वेबसाइट, व्हॉट्सॲप बिझनेसचा नंबर, प्रत्येक ठिकाणी नाव कोणाचं आहे? आणि पाकिटावरच्या नावाचा ट्रेडमार्क अजून घेतला नसेल तर घ्या. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे. मसाले आणि चटण्या वर्ग ३० मध्ये येतात. अर्ज भरायला मुलगाच बसणार, कारण त्याला संगणक येतो. अर्जदाराच्या रकान्यात काय लिहिलं ते सबमिट करण्याआधी तिने वाचायचं.